सुनेला मी वर ओढलं

सुनेचे केस माझ्या मुठीत होते. आम्ही दोघी पाण्यावर आलो होतो आणि मी ओरडत होते, "वाचवली! वाचवली गं बाई!" जपानच्या समुद्रात मराठीतून ओरडत होते. किनाऱ्यावर कुणाला काय कळणार होतं? तरी ओरडत होते. मला आनंद झाला होता. झाल्या गोष्टीची लाज मला वाटतेच, पण सगळ्यात जास्त त्या आनंदाची वाटते.

मग मी तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठे तरी बघत होती. ओठांच्या कोपऱ्यातून फेस येत होता. दूध उतू जाताना येतो तसा, फक्त गुलाबी.

"अगं, आलीस वर. श्वास घे. घे ना श्वास."

ती खोकली आणि माझ्या मनगटावर रक्त उडालं. फार नाही, कुंकवाच्या टिकलीएवढं. पाण्याने ते लगेच धुऊन नेलं.

तेवढ्यात शेजारी तिचा शिकवणारा वर आला. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली कसं जायचं हे शिकवणारा पन्नाशीचा जपानी माणूस. त्याच्या डोळ्यांवरचा मास्क गेला होता आणि नाकातून रक्त येत होतं. ते माझ्या लाथेने आलेलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की जवळ येऊन तर बघ. तो जवळ आला. माझी मूठ सुटत नव्हती, तर त्याने माझं एकेक बोट उलगडून सुनेचे केस सोडवले, गुंता सोडवावा तसे, हलक्या हाताने. मग तिच्या अंगातल्या जाकिटात हवा भरली, तिला पाठीवर आडवी केली आणि तिचं डोकं हातावर घेऊन किनाऱ्याकडे निघाला. जाताना तिच्याशी सारखा बोलत होता, "दाइजोबु, दाइजोबु." म्हणजे काही नाही, काही नाही, सगळं ठीक आहे.

मी मागून पोहत आले. तेव्हाही मला कळलेलं नव्हतं. मी मनात म्हणत होते, मी नसते तर मेली असती.

आता आधीचं सांगते.

मी चौथी शिकलेली बाई. साताऱ्याकडच्या एका गावात वाढले. आमच्या मळ्यात विहीर होती, मोठी, दगडाने बांधलेली, आणि माझ्या वडिलांना वाटायचं की विहिरीच्या काठी राहणाऱ्या पोरीला पोहता आलंच पाहिजे. पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांनी मला ढकललं. पुढच्या उन्हाळ्यात भोपळा सुटला. त्यानंतर मी काठावरून पाय पोटाशी घेऊन मुटका मारायचे, बुडी मारून तळाची माती मुठीत आणून पोरांना दाखवायचे. कुणाची कळशी पडली की मला हाक यायची. आणि एकदा शेजारच्या मळ्यातली पोरगी पडली, तेव्हा मीच उडी मारली आणि तिला केसाला धरून वर काढली. बुडत्याला हाताला धरू नये, तो आपल्याला मिठी मारतो आणि दोघं बुडतात. केस धरावेत, मागून धरावेत. हे मला वडिलांनी सांगितलेलं. ती पोरगी जगली, तिला आता नातवंडं आहेत. या एका गोष्टीवर मी जन्मभर मिरवले. घरात सगळ्यांना ती पाठ आहे. मी तोंड उघडलं की मुलगा म्हणतो, "आली विहीर."

मुलगा आणि सून दोघंही कॉम्प्युटरवाले. टोकियोच्या शेजारी उरायासुला राहतात. मालक गेल्यापासून उन्हाळ्यात मी तीन महिने त्यांच्याकडे जाते, कारण नातीला शाळेला सुट्टी असते आणि हे दोघं कामावर. नात आठ वर्षांची. माझं मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर जपानीत येतं. मग मी म्हणते, "माणसाच्या भाषेत बोल." मग ती हसते.

सून पुण्याची, फ्लॅटमध्ये वाढलेली. तिला पाण्याची भीती. लग्नानंतर आमच्या गावी आली तेव्हा विहिरीत डोकावतानासुद्धा तिने नवऱ्याचा हात धरला होता. मी तेव्हाच म्हटलं, ही कसली धीराची. ते मत माझं बदललं नाही. जपानला आल्यावर चाळिशीच्या जवळ ती पोहायला शिकली, तिथल्या सरकारी तलावात, टोपी घालून, लहान पोरांच्या शेजारच्या रांगेत. फोनवर मला सांगायची, आज एवढी लांब गेले, आज तेवढी. मी म्हणायचे, "बरं. पाणी कुठवर होतं? छातीएवढं?" मग ती फोन नातीकडे द्यायची. वर्षभराने तिने समुद्रात खाली जायचा कोर्स घेतला. कशाला, ते मला कधी नीट समजलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्या कोर्सचा शेवटचा भाग होता. आम्ही सगळे गाडी करून इझूला गेलो. तिथे डोंगर समुद्रात उतरलेला आहे. एका ठिकाणी डोंगराचे दोन हात पुढे आलेत आणि मधे वाटीत ठेवल्यासारखं पाणी. बाहेर लाटा असल्या तरी आत हलत नाही. तळाची वाळू वरून दिसते. काठाला बारीक गोटे, दोन-तीन टपऱ्या, सिलिंडर ठेवायची फळकुटं. नवशिके तिथेच शिकतात.

आदल्या दिवशी आम्ही तिथल्या एका घरगुती खानावळीत उतरलो होतो. जेवायला बसलो. माझ्यासमोर डोक्यासकट मासा ठेवलेला, तो माझ्याकडे बघतोय आणि मी त्याच्याकडे. सून काही तरी सांगत होती.

"आई, उद्या मला मास्क काढून दाखवायचाय. पाण्याखाली. काढायचा, थोडं थांबायचं, परत घालायचा आणि नाकाने फुंकून आतलं पाणी बाहेर घालवायचं."

"मग काढ की. डोळ्यावरची काच तर आहे. किडनी काढायला सांगितली का?"

"नाही हो. डोळे, नाक सगळं उघडं पडतं. तोंडात नळी असते, श्वास मिळतो, पण नाकात पाणी गेलं की वाटतं मेलो आता. मागच्या वेळी दोनदा घाबरून वर आले मी."

"आमच्या विहिरीत कुणी मास्क घालून येत नव्हतं."

"आली विहीर," मुलगा म्हणाला.

"येणारच. त्या विहिरीने—"

"आई, त्या विहिरीला आता पाणीसुद्धा नाहीये. तिथे बोअर पाडलंय."

नात खिदळली. सूनही हसली, पण माझ्याकडे बघत राहिली. तिला अजून काही सांगायचं असावं. मी माशाचं डोकं मुलाच्या ताटात टाकलं आणि भात मागवला. माझं अर्धंच लक्ष होतं, असं म्हणून सुटका होत नाही. मी ऐकलं होतं. मास्क काढायचाय, हे मला सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणाऱ्याने आम्हा सगळ्यांना उभं करून समजावलं. मुलगा मला मराठीत सांगत होता. पाण्यात केशरी गोळ्यांची दोरी होती. दोरीच्या अलीकडे पोहणाऱ्यांनी पोहायचं, पलीकडे सिलिंडरवाले. दोरी ओलांडायची नाही. पोहणाऱ्यांनी तरंगायचं जाकीट काढायचं नाही. सिलिंडरवाल्यांना हात लावायचा नाही, काही वाटलं तर काठावर येऊन सांगायचं.

"कळलं का आई?"

"हो हो."

"आई, नुसतं हो हो नाही."

"अरे, मी काय कुकुलं बाळ आहे? कळलं."

तो माणूस माझ्यासमोर वाकला. मीही मान हलवली.

सून रबरी सूट घालून, कमरेला शिशाचे वजनाचे तुकडे बांधून, पाठीवर सिलिंडर घेऊन पाण्यात शिरली. चालताना झोकांड्या जात होत्या. मी मुलाला म्हटलं, "गाभण म्हशीसारखी चाललीये." तिला ऐकू गेलं. तिने वळून बघितलं नाही. शिकवणाऱ्याने तिचा हात धरला आणि दोघं खाली गेले. वर नुसते बुडबुडे.

मुलगा आणि नात कडेच्या खडकांत खेकडे शोधायला गेले. मी पाण्यात उतरले. टी-शर्ट आणि लेगिंग, वर ते जाकीट, डोळ्यांना नातीचा पोहायचा चष्मा. बऱ्याच वर्षांनी खोल पाणी अंगाला लागलं आणि मला बरं वाटलं. पण जाकीट बुडू देईना. कढईत पुरी तरंगावी तशी मी वरच्या वर. मान खाली घातली तरी पाठ वर. थोडा वेळ सहन केलं, मग बकलं काढली आणि जाकीट दोरीला अडकवून ठेवलं. आणि दोरीपर्यंत आलेच होते तर पलीकडे बघावं म्हटलं. कुणी बघत नव्हतं. दोरीखालून गेले.

खाली दोन पुरुष खोल पाणी असेल. ती दोघं वाळूवर गुडघे टेकून समोरासमोर होती, आणि मी बरोबर त्यांच्या वर. शिकवणाऱ्याने तिच्या जाकिटाचा खांद्याजवळचा पट्टा एका हाताने धरलेला. मी बघत असतानाच तिने मास्क काढला.

मला काय दिसलं ते सांगते. एका पुरुषाने तिला तळाला दाबून धरलंय. तिचा चेहरा उघडा आहे, डोळे घट्ट मिटलेत, केस सुटून वर तरंगतायत, एक हात पाण्यात चाचपडल्यासारखा हलतोय आणि बुडबुड्यांचा लोंढा माझ्या तोंडावर येतोय. आदल्या दिवशीचं बोलणं माझ्या डोक्यात कुठेही नव्हतं. ही बुडतेय, एवढंच होतं. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधी हे होतं, की ही बुडणारच होती. दुसरी कुणी बाई असती तर मी दोन क्षण थांबून बघितलं असतं.

मी श्वास भरून बुडी मारली. या वयातही सरळ खाली गेले. तिच्या मागून गेले, शिकवल्यासारखी. केस धरले आणि ओढलं. तिच्या तोंडातली नळी सुटली. तो माणूस तिला सोडेना. त्याने तिचा पट्टा आणखी घट्ट धरला आणि दुसरा हात माझ्यापुढे आडवा धरून हलवला, नको, नको. मी त्याच्या तोंडावर लाथ मारली. मग पट्टा सुटला. दोन्ही पाय वाळूत रोवून मी उसळी मारली आणि तिला घेऊन वर आले. वर येताना ती हलकी हलकी होत गेली. मला वाटलं माझ्यात जोर आला. तो जोर नव्हता, तिच्या जाकिटातली हवा फुगत होती. तिच्या छातीतलीही फुगत होती, आणि तिने तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

हे मला नंतर मुलाने समजावलं. पाण्याखाली सिलिंडरमधून घेतलेला श्वास दाबलेला असतो. वर येताना तो फुगतो. म्हणून वर येताना श्वास सोडत यायचं, हळूहळू यायचं, कोंडून धरायचा नाही. कोंडला तर छाती आतून फाटते आणि हवा रक्तात शिरते, तिथून मेंदूत गेली की हातपाय लुळे पडतात. विहिरीत आम्ही वरचा श्वास घेऊन खाली जायचो आणि तोच घेऊन वर यायचो, त्याला काही होत नाही. तिने श्वास खाली घेतला होता. एवढाच फरक. पहिल्या दिवसापासून तिला हेच शिकवत होते, आणि ती ते कधी विसरली नव्हती. केसाला धरून कुणी ओढेल हे मात्र तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

काठावर तिला गोट्यांवर चटई टाकून आडवी केली. टपरीतून कुणी तरी प्राणवायूची नळकांडी पळवत आणली. मुलगा खडकांवरून धावत आला, पाय कापले होते ते त्याला माहीतही नव्हतं.

"काय झालं? काय झालं आई?"

"बुडत होती. मी काढली."

शिकवणारा गुडघ्यांवर बसून तिच्या तोंडावर मास्क धरून होता, नाकातलं रक्त तसंच. मुलगा त्याच्याशी जपानीत बोलला. बोलता बोलता मुलाची मान माझ्याकडे वळली. त्याने नुसतं बघितलं आणि परत तिच्याकडे वळला. तिथे मला कळलं. काय केलंय ते कळलं नाही, पण मी केलंय हे कळलं.

शिकवणारा सुनेच्या हातात दोन बोटं देऊन दाबायला सांगत होता. डाव्या हाताने ती दाबत होती. उजवा हात तसाच पडून होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

अॅम्ब्युलन्स आली. तिच्यातली माणसं आणि शिकवणारा भराभरा काही तरी ठरवत होते. डोंगरावरून जवळचा रस्ता आहे, पण उंचावर नेली तर हवा आणखी फुगेल, म्हणून समुद्राकडेच्या लांबच्या रस्त्याने जायचं. मुलगा तिच्याबरोबर बसला. मी आणि नात शिकवणाऱ्याच्या गाडीत, त्याच्या बायकोशेजारी. बायकोने गाडी चालवली. मी ओल्या कपड्यांनी तिच्या सीटवर बसले होते. तिने माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि पुढे बघून गाडी हाकत राहिली. तिच्या नवऱ्याचं नाक मी फोडलं होतं, आणि तिने मला टॉवेल दिला.

नातीने खूप वेळाने मराठीत विचारलं, "आजी, आई सांगितली ना काल? मास्क काढते म्हणून?"

मी म्हटलं, "हो. सांगितलं होतं."

"मग?"

मी टॉवेल अंगाभोवती ओढून घेतला. ती खिडकीकडे वळली.

हॉस्पिटलात टँकरसारखी एक आडवी लोखंडी खोली होती, तिला जाड गोल खिडकी. त्या खोलीत सुनेला घातलं आणि आतली हवा दाबून भरली. म्हणजे तिला पुन्हा पाण्याइतकं खाली नेलं, आणि तिथून तासन्‌तास लावून हळूहळू वर आणलं. मी एका उसळीत आणली होती ती. डॉक्टर म्हणाले, जगेल का हे आज सांगत नाही, हाताचंही सांगत नाही.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. मुलाने कोंबिनीतून, म्हणजे तिथल्या रात्रंदिवस उघड्या दुकानातून, नातीला ओनिगिरी आणून दिली, भाताचा गोळा असतो तो. माझ्यापुढेही एक ठेवली. मी ती हातात धरून बसले. मला वाटत होतं, याने आता बोलावं. लहानपणी मी त्याला झाडूने मारलाय, आता याने मला चार शब्द मारावेत. पण तो फक्त म्हणाला, "आई, तुझे कपडे ओले आहेत. टॉयलेटमध्ये जाऊन बदल."

मग शिकवणारा आला. नाकावर पट्टी, अंगात काळा कोट, हातात कागदात बांधलेला मिठाईचा खोका. तो आमच्यासमोर कमरेतून वाकला आणि वाकूनच राहिला. मुलगा ताडकन उठला आणि तोही वाकला. दोघं एकमेकांसमोर वाकलेले आणि दोघंही तेच तेच बोलत होते.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

"माफी मागतोय."

"तो का मागतोय?"

"वर लक्ष ठेवायला माणूस ठेवायला हवा होता म्हणतोय. चूक माझी म्हणतोय."

"त्याला सांग, चूक माझी आहे."

"सांगितलं आई. ऐकत नाहीये तो."

मला ते बघवेना. मी उठले आणि त्याच्या पाया पडले. मला दुसरं काही सुचलं नाही. आमच्याकडे याच्यापुढे शब्द नाही. पण त्याला ते काय समजणार? सत्तरीची बाई आपल्या बुटांवर डोकं ठेवतेय म्हटल्यावर तो घाबरला आणि तोही खाली गुडघ्यांवर बसला, त्याचं कपाळ फरशीला. मी मान वर केली तर त्याचे पिकलेले केस माझ्या नाकासमोर. दोघंही हॉस्पिटलच्या फरशीवर आणि कुणीच उठेना. नर्स धावत आली, तिला वाटलं कुणाला चक्कर आली.

"आई, ऊठ. प्लीज ऊठ," मुलगा दातांतून म्हणाला. "तू उठल्याशिवाय तो उठणार नाही."

मी उठले. माफी मागायला गेले आणि त्या माणसाला आणखी खाली आणलं.

पुण्याला विहीणबाईंना फोन लावला तेव्हा मुलगा म्हणाला, पाण्यात अपघात झाला. स्क्रीनवर त्यांचा चेहरा आला, डोळे सुजलेले. म्हणाल्या, "अहो, तुम्ही होता ना तिथं? तुम्हाला पोहता येतं म्हणून मी निर्धास्त होते."

मी म्हटलं, "मीच ओढली तिला. शिकत होती, मला वाटलं बुडतेय. माझ्यामुळे झालंय."

मग त्या बोलल्या. "अक्कल गहाण टाकली होती का तुम्ही? माझ्या पोरीला एवढी वर्षं टोचून टोचून बोललात, तेवढ्याने पोट भरलं नाही?" आणखीही बरंच. मुलाने फोन घ्यायला हात पुढे केला, मी दिला नाही. शेवटपर्यंत ऐकलं. त्या दिवशी माझ्याशी सरळ बोललेलं माणूस तेवढं एकच. त्यानंतर मी ती ओनिगिरी खाल्ली.

सून त्या खोलीतून बाहेर आली तेव्हा जिवंत होती, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की आता जगेल. उजवा हात मात्र उठत नव्हता. रोज तिला पुन्हा त्या लोखंडी खोलीत न्यायचे. मी भात कालवून घास पुढे केला तर तिने तोंड फिरवलं. "मी खाईन," म्हणाली, आणि डाव्या हाताने चमचा धरून खाल्लं, अर्धं चादरीवर सांडत. मी चादर पुसायला गेले.

"राहू द्या आई. तुम्ही घरी जा."

"इथे बसते ना गुपचूप."

"नको. तुम्ही समोर असलात की मला श्वास लागतो."

मी उठले. दारापर्यंत गेल्यावर तिने हाक मारली. मला वाटलं, परत बोलावतेय.

"मी बुडत नव्हते," ती म्हणाली.

"माहितीये गं आता."

"नाही, तुम्हाला माहीत नाही. मला जमत होतं. मी डोळे मिटून उभी... बसून होते तिथे आणि मला भीती वाटत नव्हती. पहिल्यांदाच. मी मास्क परत घालायला हात वर केला होता. फक्त घालायचा राहिला होता, आई."

मी तिथेच उभी राहिले. जो हात मला चाचपडताना दिसला, तो मास्क घालायला वर येत होता. हे मी कितीही वेळा आठवून बघितलं तरी आता मला तसंच दिसतं, आणि मला कळत नाही की तेव्हा का दिसलं नाही. म्हणजे कळतं. मघाशी सांगितलं तेच.

डॉक्टरांनी तिला सांगितलं की फाटलेल्या छातीने पुन्हा सिलिंडर लावून पाण्याखाली जायचं नाही, कधीच नाही. ती ऐकून घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रडली असेल तर माझ्यासमोर नाही. त्या शिकवणाऱ्याने तो उन्हाळा नवे शिकाऊ घेतले नाहीत असं मुलाकडून कळलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याने आपणहून बंद ठेवलं. खोक्यातली मिठाई आमच्या घरी तशीच पडून राहिली. टाकवेना आणि खाववेना. शेवटी सुनेनेच उघडली आणि नातीला दिली.

घरी आल्यावर हात हळूहळू सुधारला. आधी खांदा, मग कोपर. मी स्वयंपाक करायचे, कचऱ्याच्या वेगवेगळ्या पिशव्या खाली नेऊन ठेवायचे आणि तिच्या समोर कमी यायचे. केस विंचरायला तिला एका हाताने जमेना, तर तिने पार्लरमध्ये जाऊन कापून टाकले, मुलासारखे. मला विचारलं नाही आणि मी काही म्हटलं नाही. पूर्वी म्हटलं असतं.

माझी परत जायची वेळ आली तेव्हा तिच्याशी एकदा बोलले. ती टेबलाशी बसून उजव्या हाताने किबोर्डवर एकेक अक्षर दाबत होती.

"माझ्यावर राग आहे ना?"

"आहे." तिने मान वर केली नाही. "जाईल की नाही माहीत नाही. उगाच गेला म्हणणार नाही मी."

"नको म्हणूस."

"पुढच्या उन्हाळ्यात हिला सुट्टी असेल तेव्हा या. तिला तुम्ही लागता."

"आणि तुला?"

"आई, मला काम करू द्या."

मी भांडी घासायला गेले.

उजव्या हाताची दोन बोटं तिची अजून बधिर आहेत. थंडीत जास्त. बाकी हात चालतो. ती कामावर जाते. शिकवणारा यंदा पुन्हा शिकवतोय, नाकाचं हाड थोडं वाकडं राहिलंय म्हणे. त्या दिवशी दोरीपलीकडच्या पाण्यात आम्ही तिघं होतो. सून जगली, तो वाकड्या नाकावर सुटला, आणि जिने हे केलं त्या मला तर काही झालंच नव्हतं.